जिवाणी आणि केशरमुखी टाचणी

चातुर्मास सुरू झाला की साधू-साध्वींचा विहार थांबतो. पावसाने भिजलेल्या भूमीवर, गवतात आणि साचलेल्या पाण्यात असंख्य जीव उत्पन्न होतात. पावलागणिक त्यांची विराधना घडू नये म्हणून चार महिने एकाच ठिकाणी राहण्याची ही मर्यादा आहे. श्रावकही आपापल्या परीने तिचे पालन करतात. हिरव्या भाज्या सुटतात, रात्रिभोजनाचा त्याग होतो, पाणी अधिक काळजीने गाळले जाते. मात्र ज्या जीवांसाठी हे सारे करावयाचे, ते जीव कोण, ते कसे जगतात आणि कशाने मरतात, याची चौकशी घराघरांतून फारशी होत नाही. जीवदया म्हटले की पांजरपोळ आठवतो, गाय आठवते, कबुतरांना टाकलेले धान्य आठवते. पाण्यातल्या जीवांची आठवण गाळणीपाशी सुरू होते आणि बहुधा गाळणीपाशीच संपते.

अशाच एका जीवाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. तो दुर्मीळ नाही. ओढा, कालवा, तळे, मंद वाहणारी नदी, किंवा बाजूला गवत वाढलेले पाण्याचे डबके, अशा कोणत्याही ठिकाणी तो दिसू शकतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यात जातो आणि थोडा भाग हवेत. म्हणूनच पाणी गाळण्याच्या आपल्या जुन्या नियमाचा पूर्ण अर्थ समजून घेण्यास तो फार उपयोगी आहे.

चतुर आणि टाचणी

पाण्यावर घिरट्या घालणारा, मुलांनी ‘हेलिकॉप्टर’ असे नाव ठेवलेला चतुर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच गणातील त्याची नाजूक भावंडे म्हणजे टाचण्या. दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे. चतुर बसताना पंख विमानासारखे पसरून बसतो. बहुतेक टाचण्या बसताना पंख मिटून पाठीवर घेतात. चतुराचे डोळे मोठे व बहुधा एकमेकांना भिडलेले असतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून दूर असतात. चतुराचे शरीर दणकट, तर टाचणीचे काडीसारखे बारीक. जगात चतुर आणि टाचण्या मिळून सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि भारतात त्यांपैकी सुमारे 500 आढळतात.

ज्या जातीविषयी येथे लिहावयाचे आहे, तिचे शास्त्रीय नाव ‘स्यूडॅग्रियॉन रुब्रिसेप्स’. रुब्रिसेप्स या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लाल डोक्याचा’. इंग्रजीत तिला ‘सॅफ्रन-फेस्ड ब्लू डार्ट’ म्हणतात. तेव्हा मराठीत ‘केशरमुखी टाचणी’ हे नाव तिला सहज शोभेल. नराचा चेहरा आणि डोळ्यांचा दर्शनी भाग नुकत्याच उगाळलेल्या केशरासारखा असतो. छातीचा भाग हिरवट, बाजूंना निळसर. शेपटीसारखे दिसणारे लांब पोट वरून काळे आणि टोकाला आकाशासारखे निळे. मादीचे रंग फिकट असतात. संपूर्ण लांबी दीड इंचाच्या आसपास. नर पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून उडतो, तरंगत्या पानावर किंवा पाण्यातून वर आलेल्या काडीवर बसतो आणि तेवढा तुकडा आपला मानून दुसऱ्या नराला तेथून हुसकावतो. भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातील अनेक देशांत या जातीचा वावर आहे.

या जातीचे शास्त्रीय वर्णन 1876 मध्ये बेल्जियमच्या एडमंड द सेलिस-लाँगशाँ यांनी केले. हे सरदार घराण्यातील गृहस्थ पुढे बेल्जियमच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. राजकारण सांभाळून त्यांनी जगभरातील चतुर व टाचण्यांची पद्धतशीर नोंद केली. भारतातील जातींची मोठी नोंद लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी 1933 ते 1936 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. त्या काळी अभ्यास म्हणजे कीटक पकडून, मारून, टाचून ठेवणे असेच समीकरण होते. आज चांगल्या छायाचित्रावरून बहुतेक जाती ओळखता येतात. जीवाला स्पर्शही न करता त्याची ओळख पटावी, ही सोय आपल्या पिढीला लाभली आहे आणि तिचा उपयोग आपल्या मुलांनी करून घेतला पाहिजे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवण्याचा खेळ अनेक गावांत चालत असे. अनेक जैन घरांतील आजी-आजोबांनी तो मुलांना करू दिला नाही. त्यांनी मना केले ते योग्यच होते. मना करण्याबरोबर त्या जीवाची ओळखही करून दिली, तर मुलाच्या मनात भीतीऐवजी अनुकंपा रुजते.

पाण्यातले आयुष्य

टाचणीची मादी अंडी पाण्यात टाकून देत नाही. तिच्या पोटाच्या टोकाशी एक सूक्ष्म, धारदार अवयव असतो. त्याने ती पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडते आणि एकेक अंडे त्या चिरेत ठेवते. केशरमुखीच्या कुळातील अनेक जातींमध्ये त्यासाठी मादी देठाच्या आधाराने पूर्णपणे पाण्याखालीही उतरते. अंगावरील बारीक लवेत अडकलेली हवा तिला काही काळ पुरते. या साऱ्या वेळी नर पुष्कळदा तिला मानेजवळ धरून तिच्यासोबत असतो, जेणेकरून दुसरा नर मध्ये येऊ नये.

अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला शास्त्रीय भाषेत डिंभक म्हणतात. ते आपल्या आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. मातकट किंवा हिरवट रंगाचे, बारीक, सहा पायांचे हे पिलू पाणवनस्पतींना बिलगून राहते. त्याच्या शेपटाला पानांच्या आकाराचे तीन पातळ कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेण्यास त्यांची मदत होते. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो ओठ क्षणार्धात पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांनी भक्ष्य पकडून परत येतो. डासांची पाण्यातली पिले, पाणपिसवा आणि इतर सूक्ष्म जीव हा त्याचा आहार. वाढताना ते सुमारे दहा-बारा वेळा कात टाकते. उष्ण प्रदेशात हे पाण्यातले आयुष्य साधारणतः काही महिन्यांचे असते.

वाढ पूर्ण झाली की ते एखाद्या काडीवर चढून पाण्याबाहेर येते. फुलपाखरासारखी कोशाची अवस्था येथे नसते. पाठीवरची कात उकलते, तिच्यातून मऊ, फिकट टाचणी बाहेर येते, पंख ताणून वाळवते आणि उडते. काडीवर उरते ती रिकामी कात. हवेतले आयुष्य फार तर काही दिवसांचे किंवा दोन-तीन आठवड्यांचे. ज्या केशरी चेहऱ्याने ती आपले लक्ष वेधून घेते, ते रूप म्हणजे संपूर्ण आयुष्याचा अखेरचा छोटा भाग होय. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर दुकानाच्या फळीवर दिसणारा माल थोडा, बाकी सारे गोदामात. गोदामाला आग लागली तर फळीवरचा माल पाहून समाधान मानण्यात अर्थ नसतो.

चार इंद्रियांचा जीव

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांची क्रमवारी सांगितली आहे आणि चार इंद्रियांच्या जीवाचे उदाहरण म्हणून भ्रमराचा उल्लेख केला आहे. माशी, पतंग, भुंगा यांसारखे उडणारे कीटक परंपरेने या वर्गात मोडतात. टाचणीही तेथेच गणावी लागेल. स्पर्शन, रसना, घ्राण आणि चक्षू ही तिची चार इंद्रिये, श्रोत्र नाही.

टाचणीचे सर्वांत समर्थ इंद्रिय म्हणजे चक्षू. तिचा प्रत्येक डोळा हजारो सूक्ष्म नेत्रिकांनी बनलेला असतो आणि उडत्या डासाचा माग ती केवळ दृष्टीच्या बळावर घेते. हवेतील आवाज ऐकण्याचा कान तिला नाही. घ्राणाविषयी मात्र शास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ शंका होती. टाचणीच्या मिशा अगदी आखूड, आणि इतर कीटकांच्या मेंदूत गंधासाठी जो ठळक भाग असतो तो हिच्यात आढळत नाही. त्यामुळे हिला वास येत नसावा, असेच बहुतेकांचे मत होते. इटलीतील संशोधकांनी 2014 मध्ये एका टाचणीवर केलेल्या प्रयोगांतून ती भक्ष्याच्या गंधाकडे वळते, असे दाखवून दिले. एवढ्यावरून ‘आमच्या ग्रंथांत हे आधीच सिद्ध झाले होते’ असा डंका पिटण्याचे कारण नाही. ग्रंथांचा हेतू प्राणिशास्त्र शिकवणे हा नव्हता. समोरचा जीव किती प्रकारे सुख-दुःख अनुभवू शकतो याचा विचार करून मगच त्याच्याशी वागावे, हा तो हेतू होता. दीड इंचाचा हा कीटक पाहतो, चव घेतो, वास घेतो आणि स्पर्श अनुभवतो, एवढे कळले तरी त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. टाचणी स्वतः शिकारी आहे. पाण्यात डासांची पिले खाते, हवेत डास आणि चिलटे खाते. मग अहिंसेच्या दृष्टीने तिचे रक्षण का करावे? ‘ती डास खाते म्हणून ती उपयोगी आहे’ हे उत्तर सोपे आहे आणि अनेक ठिकाणी ते दिलेही जाते. परंतु जैन विचाराला ते पुरेसे नाही. जीवाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरवू लागलो, तर ज्याचा उपयोग दिसत नाही त्याचे मोल शून्य होते. टाचणी आपल्या स्वभावानुसार जगते. संकल्प करून हिंसा करण्याचा किंवा टाळण्याचा विवेक तिच्यापाशी नाही. तो विवेक मनुष्यापाशी आहे, म्हणून बंधनही मनुष्यावरच आहे.

गाळणे आणि परत सोडणे

पाणी गाळून पिणे ही जैन घराची जुनी ओळख. जाड, स्वच्छ, दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावे आणि गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे समजावी, हे अनेक घरांत आजही पाळले जाते. गाळण्याने पाण्यातील अप्कायिक जीव वाचतात असे नाही. तो विषय निराळा. गाळणीत अडकतात ते हालचाल करणारे त्रस जीव. टाचणीचे नुकते जन्मलेले, दोन-एक मिलिमीटरचे पिलूही त्यांत असू शकते.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र आता विस्मरणात जात आहे. वस्त्रात अडकलेले जीव गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन, ज्या जलाशयातून पाणी आणले त्याच जलाशयात परत सोडावयाचे असतात. दिगंबर परंपरेत यास जिवाणी म्हणतात. विहिरीत जिवाणी वरून ओतत नसत. उंचावरून पडण्याचा आघात जीवांना होऊ नये म्हणून तळाला कडी असलेली बादली दोराने पाण्यापर्यंत उतरवीत आणि तेथे ती अलगद उलटवीत. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडणेही वर्ज्य मानले जाई.

या शेवटच्या अटीचा विचार करावा. त्याच पाण्यात का? ओढ्याच्या पाण्याचे तापमान, क्षार, त्यात विरघळलेला प्राणवायू, तेथील वनस्पती आणि तेथील शत्रू हे सारे विहिरीपेक्षा निराळे असते. वाहत्या पाण्यात वाढलेले पिलू कोंदट पाण्यात तगेलच असे नाही. ज्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता आणि प्राणवायू मोजण्याचे साधन नव्हते, त्यांनी केवळ अनुकंपेच्या आधारे ठरवले की जीवाला त्याच्या घरीच पोहोचवावे. गाळण्याने पिणाऱ्याची शुद्धी साधते. जिवाणीने त्या जीवाचे जगणे साधते. पहिल्या भागात आपला लाभ आहे. दुसऱ्या भागात लाभ केवळ त्याचा आहे, आणि म्हणूनच अहिंसेची खरी कसोटी तेथे लागते.

आज नळाचे पाणी येते. ते शुद्धीकरण केंद्रात गाळलेले आणि क्लोरिन मिसळलेले असते. घरी पुन्हा गाळले तरी त्यातून परत सोडण्याजोगे काही निघत नाही आणि सोडावयाचे म्हटले तरी विहीर कोठे आहे? म्हणून जिवाणीचे कर्तव्य संपले असे समजले जाते. वस्तुतः ते संपलेले नाही. त्याचे रूप बदलले आहे. पूर्वी प्रश्न असा होता की, जीव त्याच्या पाण्यात परत कसा पोहोचवावा. आता प्रश्न असा आहे की, ते पाणी त्याला जगण्याजोगे ठेवले आहे काय.

घर कसे मोडते

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2021 मध्ये जगातील चतुर व टाचण्यांच्या 6,016 जातींचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यांपैकी 16 टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे त्यात दिसून आले. दलदली, ओढे आणि त्यांचे काठ नाहीसे होणे हे त्याचे प्रमुख कारण. केशरमुखी या यादीत धोक्याबाहेर आहे. ती चिवट आहे आणि थोडेफार मळलेले पाणीही सहन करते. तिच्यापेक्षा नाजूक टाचण्या, उदाहरणार्थ सह्याद्रीच्या जंगली ओढ्यांवर दिसणारी, चकचकीत हिरव्या पंखांची ‘न्यूरोबेसिस’, पाणी बिघडल्यावर लवकर हद्दपार होतात. तेव्हा केशरमुखी दिसली म्हणून पाणी निर्मळ आहे असे प्रमाणपत्र देता येत नाही. परंतु जेथे ती पूर्वी दिसत असे आणि आता तीही दिसत नाही, तेथे बिघाड बराच पुढे गेलेला असण्याचा संभव आहे.

तिचे घर मोडण्याची कारणे ठळक आहेत आणि ती बहुधा चांगल्या हेतूने केलेल्या कामांतून निर्माण होतात. पहिले कारण सुशोभीकरण. तळ्याचा काठ दगड-सिमेंटने बांधला, कडेचे लव्हाळे व गवत उपटले, की परिसर स्वच्छ दिसतो. पण मादीला अंडे ठेवण्यास देठ उरत नाही आणि पिलाला पाण्याबाहेर चढण्यास काडी उरत नाही. दुसरे कारण सांडपाणी. साबण, मैला आणि कारखान्यांचे पाणी यांतील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. त्यातील क्षारांवर जलपर्णी माजते आणि पाण्यावर तिचे आच्छादन पसरते. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या रहिवाशांना पंचगंगेचे हे रूप नवे नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. दूषित पाणी माणूस आणि कीटक असा भेद करीत नाही, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

तिसरे कारण कीटकनाशके. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेथील शेतांलगतच्या पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणातच थायाक्लोप्रिड हे कीटकनाशक टाचणीच्या पिलांना दिले. पिले कमी खाऊ लागली, त्यांची हालचाल मंदावली आणि पाण्याबाहेर येऊन टाचणी होण्यापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या घटली. चौथे कारण डासांवरचा उपाय म्हणून सोडलेले परदेशी मासे. गप्पी मासे दक्षिण अमेरिकेकडचे आणि गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. गॅम्बुसिया 1928 मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. बंदिस्त टाक्या आणि हौद येथे त्यांचा उपयोग होतो. मात्र ते केवळ डासांची पिले निवडून खात नाहीत; टाचणीची लहान पिलेही त्यांचे भक्ष्य ठरतात. ज्या नैसर्गिक तळ्यात टाचण्या आधीपासून नांदत आहेत, तेथे ते सोडल्याने डासांचा जुना शिकारीच कमी होतो.

दुकान, मंदिर आणि घर

या चारही गोष्टींशी व्यापारी समाजाचा संबंध आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अनेक जैन कुटुंबे खते-बियाणे-औषधांच्या व्यापारात आहेत, कापड व रंगाई-छपाईच्या व्यवसायात आहेत, बांधकामात आहेत. आणि मंदिरे, धर्मशाळा, तीर्थक्षेत्रे यांचे विश्वस्तपदही सांभाळतात. गाळलेले पाणी पिऊन दुकान उघडावे आणि दुकानातून गेलेला डबा ओढ्यात धुतला जावा, यांतील विसंगती डोळ्यांआड करून चालणार नाही.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याने धंदा बंद करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या हाती बाटली देताना दोन वाक्ये बोलता येतात. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुऊ नये. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घालावे व शेतातच फवारावे. शेतकऱ्याचा विश्वास सरकारी पत्रकापेक्षा आपल्या दुकानदारावर अधिक असतो. तो विश्वास हीच येथे पुंजी आहे. रंगाईच्या कारखानदाराने सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च कायद्याचा जाच म्हणून न मांडता जीवदयेच्या खाती मांडला, तर यंत्र रात्री बंद ठेवण्याचा मोह होणार नाही.

मंदिराच्या व्यवहाराकडेही याच दृष्टीने पाहावे. मोठ्या उत्सवात अभिषेकासाठी पुष्कळ दूध वापरले जाते आणि काही ठिकाणी ते गटारावाटे जवळच्या कुंडात किंवा ओढ्यात जाते. त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक लिटर दूध पाण्यात कुजताना सुमारे 100 ग्रॅम प्राणवायू लागतो. स्वच्छ पाण्यात मुळात प्रति लिटर सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एका लिटर दुधाला सुमारे साडेबारा हजार लिटर पाण्यातला प्राणवायू पुरावा लागतो. वाहत्या नदीत हवेतून नवा प्राणवायू मिसळत राहतो; परंतु लहान, साचलेल्या कुंडात ती भरपाई वेळेवर होत नाही आणि कल्ल्यांनी श्वास घेणारे जीव गुदमरतात. ज्या भगवंतांनी पाण्यातील जीवांची जयणा सांगितली, त्यांच्याच अभिषेकाने ते जीव मरावेत, असे कोणाही श्रावकाला वाटणार नाही. उपाय साधा आहे. अभिषेकाचे द्रव्य पायदळी न येईल अशा जागी, बागेत थोडे-थोडे विभागून मुरवावे. पाण्याकडे जाणारी नळी तेवढी बंद करावी.

पुष्कळ तीर्थांवर व जुन्या मंदिरांच्या आवारात विहिरी, बारव, कुंड आणि तळी आहेत. त्यांच्या स्वच्छतेचा ठराव करताना विश्वस्तांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काठाची झाडोरा एकाच वेळी सगळी काढू नये. यंदा एक बाजू, पुढील वर्षी दुसरी. बांधकाम करावयाचेच झाल्यास निदान एका बाजूचा काठ मातीचा आणि उतरता ठेवावा. आणि वापरात नसलेल्या पाण्यात केवळ ते स्वच्छ दिसावे म्हणून ब्लीचिंग पावडर टाकू नये. यांसाठी वेगळी देणगी लागत नाही. उलट कंत्राटाची रक्कम कमीच होते. जनावरांसाठी पांजरपोळ बांधावा लागतो. टाचणीचा पांजरपोळ म्हणजे गवत राखलेला पाण्याचा काठ, आणि तो बांधावा लागत नाही, मोडू नये एवढेच पाहावे लागते.

घरापुरते पाहिले तर पर्युषणाच्या सुट्टीत किंवा पाऊस ओसरल्यावर एखाद्या सकाळी मुलांना गावाबाहेरच्या ओढ्यावर न्यावे. ऊन पडल्यावर काठापासून थोडे अंतर राखून, पाण्यात पाय न घालता उभे राहावे. पाण्यालगत उडणारी निळी काडी दिसेल. ती बसली की तिचा केशरी चेहरा दिसेल. काठच्या देठांवर चिकटलेल्या रिकाम्या कातीही शोधाव्यात. कात सापडली म्हणजे त्या ठिकाणी एक जीव पाण्यातून सुखरूप वर आला, याचा तो पुरावा. दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवसांत किती टाचण्या दिसल्या याची नोंद एका वहीत ठेवली, तर पाच-सात वर्षांत त्या पाण्याचा ताळेबंद घरच्या घरी तयार होईल. वहीखाते ठेवण्याची सवय ज्या घराण्यांच्या रक्तात आहे, त्यांना हे काम जड जाऊ नये.

जिवाणीची बादली आता बहुतेक घरांतून गेली आहे आणि ती परत येणार नाही. पण त्या बादलीमागचा नियम, आपल्या गरजेपोटी ज्या जीवाला त्याच्या जागेवरून हलवले त्याला त्याच्याच पाण्यात सुखरूप पोहोचवणे, आजही तितकाच लागू आहे. या चातुर्मासात पाणी गाळताना त्या नियमाचा दुसरा अर्धा भागही आठवावा, आणि आपल्या दुकानाचे, कारखान्याचे, मंदिराचे व घराचे पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला मिळते, हे प्रत्येकाने एकदा चालत जाऊन पाहून यावे.